गोव्यातल्या जुन्या घरात मास्टर बेडरूम बसवायची तर आधी पाणी बघा, मग पलंग

मे महिन्यात घर बघून रिनोव्हेशनचा प्लॅन काढू नका, हे पहिलंच सांगून टाकते. मे महिन्यात गोव्यातलं कुठलंही जुनं घर छानच दिसतं, भिंती कोरड्या, खिडकीतून वारा, आणि आपण लगेच म्हणतो की हां, इथे बेड, इथे वॉर्डरोब, आणि त्या कोपऱ्यात बाथरूम. मग जून येतो आणि नेमका तोच कोपरा पाझरायला लागतो.

आमचं घर फोंडा तालुक्यात, जुनं, चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण म्हणजे आतलं उघडं अंगण, आणि मागे उतारावर कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग. मला आणि नवऱ्याला एक धड बेडरूम हवी होती, तिला लागून बाथरूम आणि कपड्यांसाठी वेगळी जागा, म्हणजे ज्याला लोक आता मास्टर सूट म्हणतात ते. आई-बाबांचं वय झालेलं, उद्या ती खोली त्यांना द्यायला लागेल हेही डोक्यात होतं. एकूण तीन वेळा प्लॅन बदलला आणि जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. फ्लॅटवाल्यांनाही मापांचा भाग उपयोगी पडेल, बाकीचं सोडून द्या.

पहिलं काम: एक पावसाळा नुसता बघायचा

शक्य असेल तर जून ते सप्टेंबर काहीही तोडायचं नाही, फक्त खूण करायची. आमच्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. मी एक खडू आणि मोबाईल घेऊन फिरायचे. ओल भिंतीला जमिनीकडून चढतेय की वरून उतरतेय, हे वेगवेगळं लिहायचं कारण दोन्हीचं औषध वेगळं. खालून दोन-तीन फुटांपर्यंत पापुद्रे निघतात, पांढरी मिठासारखी पूड दिसते, ती जमिनीतली ओल. वरून ओघळ येतो ते फुटलेलं किंवा सरकलेलं कौल. आणि भिंतीच्या मधेच गोल डाग पडला तर तो बाहेरून मारणाऱ्या झडीचा.

झड कुठून येते? नैर्ऋत्येकडून. आता गंमत बघा, वास्तुवाले सांगतात मास्टर बेडरूम नैर्ऋत्येला हवी, आणि पावसाचं नावच नैर्ऋत्य मोसमी पाऊस. मी वास्तूची चेष्टा करत नाही, आमच्या घरात पण मानतात, पण नैर्ऋत्येची खोली घ्यायची तर त्या बाजूची छपराची वळचण निदान तीन फूट बाहेर काढा आणि त्या भिंतीला कपाट अजिबात टेकवू नका. पूर्वीचे लोक पावसाळ्याआधी त्या बाजूला झावळ्यांच्या विणलेल्या झापा बांधायचे ते उगाच नव्हे.

आम्ही पण आधी नैर्ऋत्येचीच खोली धरली होती. मोठी खोली, दोन खिडक्या. जुलैमध्ये तिथे ठेवलेली नवऱ्याची लेदर बॅग पंधरा दिवसांत हिरवी झाली, विषय संपला. मग माझ्या काकीने एक प्रश्न विचारला, "अगो, भात खंय दवरताले तें पळयलंय?" म्हणजे पूर्वी भात कुठे साठवायचे ते बघितलंस का. कोठीची खोली. घराच्या वायव्य कोपऱ्यात, एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, जिच्या पलीकडे चूल पेटायची, आणि पश्चिमेला लाकडं ठेवायची पडवी, त्यामुळे झड थेट भिंतीवर येतच नाही. घरातली सगळ्यात कोरडी जागा त्यांनी भाताला दिली होती, आणि आम्ही तिथे जुने पंखे, रिकामे डबे आणि लग्नातल्या पत्रिका ठेवत होतो. तुमच्या घरात कोठी असेल तर तिची चौकशी आधी करा.

कागद, आणि चवथीचा मुहूर्त

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळता येत नाही. फॉर्म एक आणि चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते नीट वाचा, इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या परवानगीने त्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, नाव असेल तर तेही. शहरी भागात सिटी सर्व्हेचा उतारा असतो. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा लग्नाच्या मालमत्तेच्या बाबतीत अजून चालतो, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे कागदावर चुलत्याची सही घेतलीत आणि चुलतीची राहिली असं करू नका. जुन्या घरात घरपट्टी एकाच्या नावावर असते आणि हक्क दहाजणांचे असतात, आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे.

दुरुस्तीसाठी पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी लागते. आतल्या आत बदल वेगळे, पण घराचं क्षेत्र वाढवलं, छपराची उंची बदलली, की नगर नियोजन खात्याकडे प्लॅन जातो आणि २०१० चे बांधकाम नियम लागतात, नदी-खाडी-समुद्र जवळ असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांचं वेगळं. म्हणून माझा साधा सल्ला, आहे त्या चार भिंतींच्या आतच सूट बसतो का ते आधी बघा. आमचा बसला.

आणि सह्यांसाठी चवथीसारखा, म्हणजे गणेश चतुर्थीसारखा मुहूर्त नाही. मुंबई, पुणे, दुबई, जिथे असतील तिथून सगळे भाऊबंद येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पातोळ्या खाऊन झाल्यावर प्लॅन सगळ्यांसमोर पसरायचा. एकेकाला फोन करून विचारलं तर प्रत्येकजण म्हणतो बाकीचे काय म्हणतात बघ, आणि त्यात वर्ष जातं.

त्याच बैठकीत कशाला हात लावायचा नाही तेही ठरवून घ्या. आमच्याकडे देवखोली, राजांगणातली तुळस आणि माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळांची सजावट, बांधायची लाकडी चौकट. कोणीतरी देवखोलीला फॉल्स सीलिंग सुचवलं होतं, पण मग नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन हे सगळं ओझं टांगायचं कुठे? फळांनी भरलेली माटोळी जिप्समच्या छताला लटकत नाही. आणि देवखोलीच्या भिंतीला लागून संडास नको, हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती प्लॅन न बघता सांगेल.

माप घ्या, आणि कर्ण पण घ्या

मेटलचा टेप, ग्राफ पेपर, एक चौकोन म्हणजे सहा इंच. लांबी-रुंदी सगळेच घेतात पण जुन्या घरातल्या खोल्या काटकोनात नसतात, म्हणून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्ण सारखे आले नाहीत तर खोली तिरकी. आमची बेडरूमची खोली एका भिंतीशी तेरा फूट आणि समोरच्या भिंतीशी बारा फूट आठ इंच निघाली, आणि सुताराने तेरा फूट धरून काही बनवलं असतं तर बसलं नसतं. भिंतीची जाडी प्रत्येक दारात मोजा, आमच्याकडे वीस इंच. उंबऱ्याची उंची, दाराची उंची (आमची काही दारं सहा फुटांचीपण नाहीत, वाकून जायचं), खिडकीचा तळ जमिनीपासून किती वर, छपराचा उतार कुठल्या बाजूला आणि पागोळ्या कुठे पडतात, हे सगळं त्याच कागदावर. विहीर आणि सेप्टिक टँक पण कागदावर आलेच पाहिजेत, नुसतं घर काढून भागत नाही.

भिंतींच्या बाबतीत एकच सांगते. जुन्या चिऱ्याच्या भिंती बहुतेक मातीत बांधलेल्या असतात आणि छपराचं सगळं वजन त्यांच्यावर असतं. ही भिंत काढून टाकू, ओपन प्लॅन करू, असं म्हणणारा माणूस घरी आला तर त्याला चहा द्या आणि पाठवा. नवीन दार काढायचंच असेल तर इंजिनियरला दाखवून, वर टेकू लावून, कोपऱ्यापासून लांब, आणि आढ्याच्या खाली तर नाहीच. त्यापेक्षा जी दारं आहेत तीच वापरा. आमचा सगळा प्लॅन एका जुन्या दारावर उभा आहे.

आता पाणी जाणार कुठे ते

लोक बाथरूमची जागा बेडच्या सोयीने ठरवतात. मी म्हणते आधी मैल्याचा पाईप कुठून बाहेर पडेल ते काढा, त्याला चांगला उतार मिळतोय का बघा, आणि मग बाथरूम. चार इंची पाईपला साधारण साठ फुटांना एक फूट उतार धरायचा, वळणं कमीत कमी, आणि जिथे वळण येईल तिथे चेंबर. घर एका पातळीवर असेल तर लांब पाईपला उतार देता देता तो जमिनीत खोल जातो आणि सेप्टिक टँक त्याहून खोल करावा लागतो, म्हणून बाथरूम घराच्या पोटात नको, बाहेरच्या भिंतीला हवं.

विहीर असेल तर आणखी जपा. सोक पिट, म्हणजे सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. आमची जमीन जांभ्याची, त्याला भोकंच भोकं, पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, त्यामुळे मी साठ फूट म्हणजे कमीत कमी समजते आणि शिवाय सोक पिट विहिरीपेक्षा उताराच्या खालच्या अंगाला. आमची विहीर ईशान्येला. पहिल्या प्लॅनमध्ये उत्तरेच्या भिंतीलगत सोक पिट दाखवला होता, जवळ पडतो म्हणून, टेप लावला तर विहिरीपासून पस्तीस फूट. ज्याने प्लॅन काढला त्याने विहीर कागदावर घेतलीच नव्हती. मग सगळं पश्चिमेला, कुळागराच्या बाजूला फिरवलं.

आंघोळीचं आणि बेसिनचं पाणी मात्र सेप्टिक टँकमध्ये घालू नका. ते वेगळ्या पाईपने काढा आणि माडांना सोडा, पूर्वी न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात जायचं तसंच. टँक लवकर भरत नाही आणि एप्रिलमध्ये माड सुकत नाही.

आमचा प्लॅन, फूट-इंचात

आता मुख्य. बेडरूमची खोली पूर्व-पश्चिम अकरा फूट, दक्षिणोत्तर तेरा. तिच्या पश्चिमेला कोठी, आठ बाय तेरा. मधे वीस इंची भिंत आणि तिच्यात दक्षिणेच्या टोकाकडे जुनं दार, दोन फूट नऊ इंच रुंद. कोठीचे दोन भाग केले, उत्तरेला सात फूट बाथरूम, मधे सहा इंच भिंत प्लॅस्टर धरून, आणि दक्षिणेला साडेपाच फूट कपड्यांची खोली. सात, अर्धा आणि साडेपाच, तेरा झाले. तुमच्या प्लॅनची पण अशी बेरीज करून बघा, भिंतीची जाडी विसरलेले प्लॅन मी दोन बघितलेत.

बेड सहा बाय साडेसहा. डोकं दक्षिणेच्या अकरा फुटी भिंतीला, म्हणजे दोन्ही बाजूला अडीच-अडीच फूट राहिले. अडीच फुटांत माणूस सरळ चालतो आणि चादर घालता येते, दोन फूट असतील तर तिरकं व्हावं लागतं. तुमची खोली दहा फुटांची असेल तर हट्ट सोडा आणि पाच फुटी बेड घ्या. पायथ्याशी निदान तीन फूट हवेत, आम्हाला साडेसहा मिळाले, तिथे खिडकीखाली आईची जुनी पेटी आणि एक खुर्ची बसली. खोलीचं मुख्य दार पूर्वेला, पार उत्तरेच्या टोकाला, त्यामुळे दार उघडं राहिलं तरी बाहेरच्याला बेड अर्धाच दिसतो आणि बाथरूम तर नाहीच.

रात्री उठल्यावर बेडवरून खाली पाय टाकला की दोन पावलांवर ते जुनं दार, आत कपड्यांची खोली, तिथून डावीकडे... नाही, उजवीकडे बाथरूम. (प्लॅन उलटा धरून वाचायची मला सवय आहे, मेस्त हसायचा.) त्या दाराचं झडप काढून आम्ही पडदा लावला कारण आत-बाहेर कुठेही उघडलं तरी अडत होतं.

कपड्यांची खोली साडेपाच फुटी. वॉर्डरोब आत दोन फूट खोल, त्यापेक्षा कमी असेल तर हँगर आडवे होतात. उरले साडेतीन फूट, उघडलेल्या झडपेसमोर उभं राहायला आणि मागून दुसऱ्याला जायला तेवढे पुरे. तीन फुटांपेक्षा कमी उरत असेल तर सरकती झडपं घ्या, पण सरकत्या झडपांच्या कपाटाला दोन-तीन इंच खोली जास्त लागते. वॉर्डरोब दक्षिणेच्या भिंतीला, म्हणजे स्वयंपाकघराच्या पाठीला. बाथरूमच्या भिंतीला कपाट कधीच लावू नका, बाहेरच्या भिंतीलापण नको, आणि मागे दोन इंच, पश्चिमेच्या टोकाला तीन इंच हवा सोडली. कपाटाचे पाय चार इंच, खालून झाडू जायला हवा आणि वाळवी चढताना दिसायला हवी. प्लाय घ्यायचा तर पाण्यात उकळून टिकणारा, आयएस ७१० शिक्क्याचा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड शोरूममध्ये छान दिसतं, गोव्याच्या दोन पावसाळ्यांत फुगतं. पश्चिमेच्या भिंतीत एक लहान खिडकी ठेवली, पडवीत उघडणारी, कारण बंद खोलीत कपडे ठेवले की बुरशी नक्की. एकजण म्हणाला की ती लाकडाची पडवी पाडा, व्ह्यू मिळेल. कुळागराचा व्ह्यू मिळाला असता खरा, आणि जुलैमध्ये सगळा पाऊस वॉर्डरोबात.

बाथरूम आठ बाय सात. शॉवर पश्चिमेच्या टोकाला, तीन फूट रुंद आणि पूर्ण सात फूट लांब, मधे काच. उरलेल्या पाच फुटांत उत्तरेच्या भिंतीला कमोड आणि पूर्वेच्या भिंतीला बेसिन. दार उघडलं की आधी बेसिन दिसतं. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या काचेपर्यंत दीड फूट ठेवा, सव्वा फुटाच्या खाली जाऊ नका, आणि समोर दोन फूट मोकळे. खिडकी उत्तरेला उंचावर, आणि तरीही एक्झॉस्ट फॅन हवाच, कारण पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, नुसत्या खिडकीने काय वाळणार.

रांगोळीने प्लॅन काढा, खरंच

कागदावर सगळं बसतं. म्हणून कोठी रिकामी केल्यावर मी रांगोळीने जमिनीवर सगळं खऱ्या मापात काढलं, कमोड, बेसिन, काच, दाराचा फिरणारा अर्धवर्तुळ पण. कपाटाची झडपं म्हणून वर्तमानपत्रं पसरली. मग आईला बोलावलं. तिने प्लॅस्टिकची खुर्ची आणून बरोब्बर कमोडच्या चौकोनावर ठेवली, बसली, आणि मला म्हणाली, आता दार उघड बघू. मी हाताने दार उघडल्याचा अभिनय केला तर ती म्हणाली, "लागलं गुडघ्याला." तेव्हा दार आत उघडणारं होतं. ते बाहेर उघडणारं केलं, म्हणजे कोणी आत पडलं तरी दार अडकत नाही, आणि रुंदी अडीच फुटांवरून तीन फूट केली कारण उद्या वॉकर किंवा व्हीलचेअर जायला हवी. मग ती उठताना डाव्या हाताने काहीतरी शोधत होती, तिथे मी खडूने फुली मारली. पकडायचा दांडा आज बरोब्बर त्या फुलीवर आहे.

दुसऱ्या दिवशी मांजराने अर्धं बाथरूम पुसून टाकलं होतं पण तोपर्यंत माप झालं होतं.

बांधताना जे बघायचं

मातीतल्या चिऱ्याच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही. दांडा, गिझर, बेसिन जिथे येणार तिथे टाईल्स लावायच्या आधीच भिंत खोदून काँक्रीटचे ठोकळे भरून घ्या, नंतर सुचलं तर टाईल फोडावी लागते. भरलेला पंचवीस लिटरचा गिझर पस्तीस किलोंच्या वर जातो. भिंतीला लटकणारा कमोड अशा घरात नको, जमिनीवरचाच घ्या. मधली नवीन भिंत हलक्या ब्लॉकची, तिच्यावर छपराचं काही वजन द्यायचं नाही.

टाईल्स चुन्याच्या प्लॅस्टरवर धरत नाहीत. जुनं प्लॅस्टर काढून, जाळी मारून, सिमेंटचं करून, वर वॉटरप्रूफिंग, जमिनीवर पूर्ण आणि शॉवरच्या भिंतींना निदान सहा-सात फूट उंचीपर्यंत. पण हे बाथरूमपुरतंच. बाकी खोल्यांत, विशेषतः बाहेरून, जुन्या भिंतीला सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंट फासू नका, ओल आत कोंडते आणि पापुद्रे आतल्या बाजूला निघतात. चुना करणारे मेस्त आता कमी मिळतात हे खरं आहे, पण शोधा.

बाथरूमची जमीन बाहेरच्यापेक्षा निदान अर्धा-पाऊण इंच खाली, शॉवरची आणखी खाली, आणि उतार जाळीकडे, शंभराला एक. मग जाळी बुजवून पाणी भरून ठेवायचं, निदान ४८ तास, आणि पातळीवर पेन्सिलची रेघ. आमच्या ठेकेदाराने परस्पर सांगितलं की टेस्ट झाली. मी रेघ कुठे आहे विचारलं तर रेघ नव्हती. परत भरून ठेवलं आणि सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलेलं, जाळीच्या कडेला फट होती. टाईल्स लागल्यावर ती फट कळली असती तर सगळं पुन्हा. तेव्हा रेघ स्वतः मारा, स्वतःच्या पेन्सिलने, फोटो काढा.

कौलांखाली उघडं बाथरूम ठेवू नका, वाफेने वासे कुजतात. आम्ही सिमेंट बोर्डचं छत केलं आणि फॅनची हवा पाईपने भिंतीबाहेर काढली, छत आणि कौलांच्या मधे सोडली नाही. बेडरूमला एसी हवा असेल तर तिथेही छत लागेलच नाहीतर थंड हवा कौलांतून वर, पण त्या छताला एक झडप ठेवा म्हणजे वर चढून फुटकं कौल बघता येतं. पाण्याची टाकी जुन्या भिंतीवर चढवू नका, पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन. बाहेर वेगळा स्टँड.

वायरिंगचं थोडक्यात: नवीन अर्थिंग, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन आपोआप तोडणारा स्विच), गिझर आणि एसीला वेगवेगळी लाईन, बेडच्या दोन्ही बाजूंना दिव्याचा टू-वे स्विच आणि चार्जिंगचा पॉईंट. भिंती बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो, पाईप आणि वायर कुठून गेलेत ते.

कामाचा क्रम आणि पैसे

दिवाळीनंतर सुरू करा. आधी छप्पर, वासे-रिपा तपासून (वाळवी खाल्लेला वासा वरून शाबूत दिसतो, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा), मग गटार आणि चेंबर, मग भिंती, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, टाईल्स, सुतारकाम सगळ्यात शेवटी. छपराचं काम पंधरा मेच्या आत संपलंच पाहिजे, मेमध्येच वळीव येऊन जातो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात खरा पाऊस. होळीला आणि मे महिन्यात कामगार गावी जातात ते दिवस आधीच वजा करा.

बजेटच्या वर पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा, जुन्या घरात काहीतरी निघतंच. आणि पैसे कमी पडले तर टाईल साधी घ्या, नळ साधे घ्या, पण पाईप, वायर, वॉटरप्रूफिंग आणि प्लायमध्ये कापू नका. आमचं बेसिन अगदी साधं आहे, कोणी आजवर नाव ठेवलेलं नाही.

शेवटची गोष्ट म्हणजे बेड आत कसा जाणार. सगळं मोजलं आणि हे राहिलं. मुख्य दार तेवढंच, दोन फूट नऊ इंच, वर वाकून जायची चौकट, आणि त्याच्या बाहेर लगेच वळण. पलंग सुट्या भागांचा होता म्हणून गेला, पण सहा फुटी काथ्याची गादी काही वाकेना. चार माणसं, एक तास, शेवटी उत्तरेच्या खिडकीचे दोन गज काढले आणि गादी बाहेरून आत ढकलली. काकी विहिरीपाशी उभी राहून बघत होती. ते गज आता स्क्रूवर बसवलेत, पुन्हा काढता येतात असे.